पंचनाम्यात तो रकाना नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

व्हानुआटू या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांच्या देशाने हवामान बदलाबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागितलं, त्या मोहिमेवरचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो राग आवरेना म्हणून. या न्यायालयाचं मत कुणावर बंधनकारक नाही, म्हणून सहा वर्षांची सगळी धडपड म्हणजे पोरांनी फलक धरून फोटो काढून घेणं, असं लेखकमहाशयांनी उरकून टाकलं आहे. श्रीवर्धनात राहून ३ जून २०२०चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ पाहिलेल्या बाईला हे वाचवत नाही.

आमची वाडी ११ गुंठ्यांची. सासऱ्यांनी लावलेल्या रोठा सुपारीच्या सव्वादोनशेच्या आसपास पोफळी होत्या. ‘निसर्ग’ दुपारी आलं. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समोर थेट शेजाऱ्यांची विहीर. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती विहीर त्या दारातून मला कधी दिसली नव्हती. उभ्या पोफळी मोजल्या, १९ भरल्या. पोफळ लागती व्हायला सात-आठ वर्षं जातात, हे वाडी असलेल्यांना सांगायला नको.

पंचनामा सुरू झाला तेव्हा दर होता हेक्टरी ५० हजार. म्हणजे गुंठ्याला ५०० आणि आमच्या वाडीला साडेपाच हजार. सातबारा सामाईक, दिरांचं संमतीपत्र हवं, दीर मुंबईत आणि वर टाळेबंदी. महिना उलटला तरी वीज नव्हती. दिरांना फोन लावायचा तर आधी जनरेटरवाल्याकडे मोबाइल चार्ज करायला रांगेत उभं राहायचं. त्या दिवसांत बागायतदारांनी अर्ज केले, निवेदनं दिली, मोजणी झाडागणिक करा म्हणून ओरड केली. शेवटी झाडामागे दर ठरला, पोफळीला ५० रुपये. पन्नास रुपये ही काही पोफळीची किंमत नव्हे. पण मोजायची रीत बदलली, आणि ती ओरड झाली म्हणूनच बदलली. म्हणून मोहिमांनी काही होत नाही असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही.

त्या पंचनाम्यावर मी सही केली, त्यात नुकसानीचं कारण लिहिलं होतं ‘नैसर्गिक आपत्ती’. वादळाचं नावसुद्धा निसर्गच. हे कुणामुळे झालं आणि भरून कुणी द्यायचं, असा रकानाच त्या कागदात नाही.

व्हानुआटूतल्या मुलांनी जगाकडे नेमका तो रकाना मागितला. २०१९ साली दक्षिण प्रशांत विद्यापीठात कायदा शिकणारे २७ विद्यार्थी होते ते. त्यांनी बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली आणि व्हानुआटूच्या सरकारने ती मनावर घेतली. एप्रिल २०२०मध्ये, आमच्या ‘निसर्ग’च्या दोनच महिने आधी, त्यांच्याकडे ‘हॅरॉल्ड’ चक्रीवादळ येऊन गेलं. तिथेही करोनामुळे सीमा बंद होत्या. मार्च २०२३मध्ये एका आठवड्यात त्यांनी दोन वादळं सोसली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत न्यायालयाचं मत मागणारा त्यांचा ठराव एकमताने मंजूर करून घेतला. डिसेंबर २०२४मध्ये हेगला ९६ देश बोलले. २३ जुलै २०२५ रोजी १५ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, की हवामानाची हानी रोखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईपर्यंतची जबाबदारी येऊ शकते. त्याआधी, मे २०२४मध्ये, हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाने माणसाने सोडलेले हरितगृह वायू हे समुद्राचं प्रदूषण ठरवलं, तेही छोट्या बेटांनीच विचारल्यामुळे. सक्ती नाही, हे मान्य. पण उद्या कुठल्याही देशातल्या कोर्टात वकिलाला हा कागद न्यायाधीशांपुढे ठेवता येईल. तीन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या देशाने एवढं केलं, ते लेखकमहाशयांना थोडं का वाटावं?

हेगला आपला देशही बोलला. श्रीमंत देशांनी आधी निस्तरावं हे आपलं म्हणणं मला पूर्ण पटतं, हवेत कर्ब साठवला तो त्यांनीच. पण आधीच्या हवामान करारांपलीकडे नवी बंधनं घालू नका, असंही आपण न्यायालयाला सांगितलं. अरबी समुद्र तापतो आहे, त्यातल्या वादळांचा जोर आणि मुक्काम वाढला आहे, हे आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचेच शास्त्रज्ञ सांगत आलेत. मग आमच्या किनाऱ्याची बाजू त्या दालनात कुणी मांडली, हा प्रश्न आपल्या लेखात यायला हवा होता. मुलांच्या फलकांवर दोन परिच्छेद खर्च झाले, त्यातली चार ओळींची जागा पुरली असती.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘तौक्तेनंतरचं श्रीवर्धन, २०२१’ असं छापलं आहे. तो फोटो ‘निसर्ग’चा आहे. आडव्या झालेल्या पोफळींची रांगच्या रांग त्यात दिसते. तौक्ते वादळ आलं तेव्हा इथे पडायला एवढ्या पोफळी उरल्याच नव्हत्या. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, श्रीवर्धन (रायगड)