किल्ली दिसली की भाग्य उघडते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वप्नात दिसणाऱ्या वस्तूंचे अर्थ वाचले. ‘किल्ली दिसल्यास भाग्याचे दार उघडेल’ या ओळीवर हसू आले, मग थोडा रागही आला. मी बँकेत कॅश सांभाळायचो. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात. एक माझ्याकडे असे, दुसरी सहकाऱ्याकडे. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी अधूनमधून किल्ली स्वप्नात येतेच. काउंटरपुढे रांग लागलेली, सहकाऱ्याची किल्ली कुलपात अडकवलेली आणि माझी काही केल्या सापडत नाही. सौ. सांगते, तेव्हा मी झोपेतच छातीवर नसलेला खिसा चाचपत असतो. यात भाग्य कुठले आले? नोकरीभराची धास्ती आहे ती.

नुकतेच स्वतःचे घर झालेल्याला हीच किल्ली दिसली तर तो सकाळी खुशीत उठेल. म्हणजे अर्थ किल्लीत नाही, ती बाळगणाऱ्यात आहे. हे काही माझे संशोधन नव्हे. दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नपाठक आर्टेमिडोरस भविष्यावर विश्वास ठेवणारा, पण स्वप्न पाहणाऱ्याचा धंदा, वय, प्रकृती, ऐपत विचारून घ्या, असे तोही बजावतो. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार आहेत. त्यांतली पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले यांतून आलेली पाचही स्वप्ने निष्फळ म्हटली आहेत. आपल्याकडची ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण तरी दुसरे काय सांगते?

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १८९९ साली स्वप्नांवरचे पुस्तक काढले, तेव्हा त्याचा भर ‘या वस्तूवरून तुम्हाला काय आठवते?’ असे त्या माणसालाच विचारण्यावर होता. पुढच्या आवृत्त्यांत मात्र छत्री म्हणजे हे, पेटी म्हणजे ते, अशी यादी त्यानेही वाढवत नेली. यादीचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही, मग पुरवणीला काय दोष द्यावा!

२००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. काही जणांना टेट्रिस हा पडद्यावरचा ठोकळे जुळवायचा खेळ खेळायला लावले. झोप लागता लागता बऱ्याच जणांना वरून पडणारे ते तुकडे दिसू लागले. त्यांत स्मृती गेलेले रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो, हेही त्यांना आठवत नव्हते. दिवसभर हाताळलेली वस्तू अशी मागच्या दाराने आत शिरते.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, तर आमच्या शेजारच्या आजींना थांबलेले घड्याळ दिसले. त्याचा अर्थ ‘जवळच्या व्यक्तीवर संकट’ असा वाचून त्या दोन दिवस मुलाला फोन लावत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने खोलीतल्या घड्याळाचा सेल बदलला. ते महिनाभर बंदच होते.

सदर बंद करा, असे मी म्हणत नाही. आमच्या घरी पुरवणी आली की आधी तेच उघडले जाते. पण वस्तूपुढे अर्थ छापण्याऐवजी एखादा प्रश्न छापता येईल का? ‘ही वस्तू तुम्ही शेवटची कधी हातात घेतली होती?’ एवढा विचारला तरी पुष्कळ.

आपला,
एक निवृत्त रोखपाल