साक्षीदार लागला तर दुसरा शोधू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. "पुढच्या महिन्यापासून आम्ही दोघं एकत्र राहणार आहोत, लग्नाचं काही ठरलेलं नाही, तुला काय वाटतं ते खरं सांग." आणि मी नुसता अंगठा टाकून गप्प बसलो. तुला राग आला असेल तर बरोबरच आहे, पण काहीतरी गोड बोलून मोकळं व्हायचं नव्हतं मला, तू खरं विचारलंस तर खरंच सांगायला पाहिजे ना.

मी देवाधर्माचं मानणारा माणूस आहे हे तुला माहितीये. मेसेज वाचल्यावर आधी पोटात कसंतरीच झालं. पाप, अनैतिक, असले शब्द डोक्यात आले, पण ते तुम्हा दोघांना चिकटेचनात. तू कोणाला फसवत नाहीयेस, ती कोणाच्या दबावाखाली नाहीये. मग मला टोचतंय काय, हे शोधण्यात एवढे दिवस गेले, बरंच वाचलंही.

आपण समजतो की धर्माचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, तसं नाहीये रे. कॅथलिक चर्चमध्ये कित्येक शतकं दोघांनी एकमेकांना "मी तुझा, तू माझी" म्हटलं की लग्न झालं, धर्मगुरू नसला तरी चालायचं. मग एकाने नंतर कानावर हात ठेवले की दुसऱ्याने करायचं काय? ही गुपचूप लग्नं फार डोकेदुखी झाली तेव्हा 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत नियम झाला की धर्मगुरू आणि साक्षीदार पाहिजेतच. इस्लाममध्ये निकाह म्हणजे तर करारच, दोघांची कबुली, साक्षीदार, आणि नवऱ्याने बायकोला द्यायची मेहर. आणि आपल्याकडची शकुंतला आठव. मनुस्मृतीतल्या आठ विवाहांमध्ये गांधर्व विवाह आहे, म्हणजे दोघांच्या मर्जीने झालेला. महाभारतातली शकुंतला भोळी नाहीये, माझाच मुलगा राजा होईल असं आधी दुष्यंताकडून कबूल करून घेते. तरी मुलाला घेऊन भर दरबारात उभी राहते तेव्हा तो म्हणतो, मला काही आठवत नाही. शेवटी आकाशवाणी व्हावी लागते. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलीये पण या वेळी तिथेच अडकलो मी. तिने सगळं नीट केलं होतं, फक्त ऐकणारा तिसरा माणूस नव्हता.

आता माझ्या मावसबहिणीचं सांगतो, तुला थोडं माहितीये पण सगळं नाही. ती आणि तिचा जोडीदार लग्न न करता नऊ वर्षं एकत्र राहिले. त्याला स्ट्रोक आला तेव्हा तीच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. फॉर्मवर "रुग्णाशी नातं" असा रकाना होता, तिथे तिने पेन टेकवलं आणि थांबली, मग "पार्टनर" लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने ते वाचलं आणि विचारलं, घरचं कोणी नाही का? त्याचा भाऊ दुसऱ्या गावाहून यायला रात्र झाली, आणि सही भावाची घेतली. त्याला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे हे भावाला माहीत नव्हतं, तिला सगळ्या गोळ्या तोंडपाठ, आणि ती बाहेरच्या बाकावर, हातात त्याचा चष्मा, सारखी ओढणीने पुसत होती. मी शेजारी बसलो होतो आणि मी काय विचारलं माहितीये? "मग लग्न का नाही केलंत?" त्या क्षणी. अजून झोप लागत नाही कधीकधी त्या वाक्याने. पाचव्या दिवशी तो गेला. लोक भेटायला आले ते भावाला. घर गेलेल्याच्या नावावर होतं, महिन्याभरात भावाने तिच्याकडे किल्ली मागितली.

तेव्हापासून मला दोन्हीकडच्या लोकांचा राग आहे. धर्मवाले नऊ वर्षं एवढंच बघत राहिले की हे झोपतात कुठे, तिने त्याच्या आजारपणात काय काय केलं ते कोणी विचारलं नाही. आणि आपले पुरोगामी मित्र, "कागदाने काय होतं, दोन सज्ञान माणसं आहेत, कोणाचा काय संबंध" म्हणणारे, ते काउंटरवर कुठे होते? संबंध असतो रे, आजारपणात असतो, मरणात असतो, मूल झाल्यावर तर असतोच.

दोन्हीकडचे शहाणे लोक हळूहळू हलले, हे मात्र आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या एका अहवालात 1995 मध्ये सुचवलं होतं की अशा जोडप्यांना "पापात राहतात" म्हणणं सोडून द्या. फ्रान्सने 1999 मध्ये लग्नाशिवायचा नोंदणी करार आणला. स्वीडनमध्ये लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांसाठी वेगळा कायदाच आहे, दोघांसाठी म्हणून घेतलेलं घर आणि घरातलं सामान वेगळं होताना वाटलं जातं. आपल्याकडे 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात "लग्नासारखं नातं" आलं, बाईला संरक्षण मिळालं, पण वारसाहक्क त्याने मिळत नाही. उत्तराखंडात 2025 पासून लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केलीये, ते मला पटत नाही, दोघांनी आपणहून सांगणं वेगळं आणि सरकारने दार वाजवून विचारणं वेगळं.

तर माझं म्हणणं असं. राहा एकत्र, माझी काही हरकत नाही, देवाची असेल असंही आता वाटत नाही. पण भाडं वाचतं म्हणून, सामान हळूहळू तिकडे गेलं म्हणून, असं घसरत घसरत राहू नका. एक संध्याकाळ दोघं बसा, फोन बाजूला ठेवा, आणि बोला. आजारी पडल्यावर निर्णय कोण घेणार, घर कोणाच्या नावावर, मूल हवंय का, एकाची नोकरी गेली तर काय, आणि लग्नाचं "बघू" म्हणजे दोघांच्या मनात एकच बघू आहे का. हे शेवटचं तर नक्की विचार, कारण बऱ्याचदा एकजण वाट बघत असतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो. मग लिहून काढा. वकिलाकडे जा, मृत्युपत्र करा, नॉमिनी बदला. तुला हे फार रुक्ष वाटेल, मला त्या बाकावरून उठल्यापासून नाही वाटत.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक माझी धर. तारीख कळव, सुट्टी टाकतो. आणि तिलाही हे पत्र वाचायला दे, तुला एकट्यालाच लिहिलेलं नाहीये.

तुझाच