सीमाप्रश्नात सीमावासीयालाच कुणी विचारणार आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ नोव्हेंबर जवळ आला की बेळगावात दोन तयाऱ्या सुरू होतात. एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे १९५६ मध्ये त्याच दिवशी आम्हा मराठी भाषकांना तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात घातले, त्याच्या निषेधाची काळ्या दिनाची मूक सायकल फेरी. फेरीला परवानगी मिळणार का, मार्ग कोणता मिळणार, यातच चार दिवस जातात. वृत्तपत्रांत फेरीचा फोटो येतो, दोन्हीकडच्या मंत्र्यांची वक्तव्ये येतात आणि हिवाळी अधिवेशने आटोपली की विषय पुन्हा बासनात. मी खानापूर तालुक्यातला शेतकरी आहे. या बातम्यांत जे कधीच येत नाही, ते मांडण्यासाठी हे पत्र.

हा वाद दोन राज्यांचा आहे असे सगळेच धरून चालतात. ज्यांच्या आयुष्याचा हा वाद आहे, ते आम्ही मात्र त्यात कुठेच पक्षकार नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो घटनेच्या कलम १३१ खाली. या कलमाखाली वादी-प्रतिवादी होतात ती राज्ये आणि केंद्र सरकार. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या बिदर-भालकीपासून कारवारपर्यंतच्या ८६५ गावांतला माणूस तिथे फार तर साक्षीदार. कर्नाटकाचे म्हणणे असे की सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ प्रमाणे संसदेचा, न्यायालयाचा नव्हे. बरे, संसदेत जाऊ. तिथेही विधेयक मतासाठी पाठवतात ते संबंधित विधिमंडळाकडे. गावाला विचारण्याची सोय त्यात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवले आणि प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली. त्या सहाही खुर्च्या मंत्र्यांच्या, सीमाभागातल्या सामान्य माणसाला त्यांत जागा नव्हती. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव एकमताने मंजूर केले. एकमत त्यांचे, घर आमचे.

आमची मागणी देशाबाहेर जाण्याची नाही, कुणाचा प्रांत तोडण्याचीही नाही. भाषेच्या आधारावर राज्ये करायची असे देशाने ठरवले आणि तो न्याय आम्हालाही लावा, एवढेच आम्ही म्हणत आलो. बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा आपणच सीमेपलीकडे राहू असे इथल्या कुणाच्या मनातही आले नसेल. दहा वर्षांनी, जानेवारी १९५६ मध्ये, त्याच शहरात गोळीबार झाला. १७ जानेवारीला आम्ही आजही हुतात्म्यांना फुले वाहतो.

विचारायचे कसे, याची रीतही नवी नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद ह. वि. पाटसकर यांनी सोडवला तो खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता धरून. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५७ मध्ये केंद्राला निवेदन दिले. पुढे महाराष्ट्राने हीच तत्त्वे आणि त्यांच्या जोडीला लोकेच्छा, असा आग्रह कायम धरला. त्या चार शब्दांतला चौथा आज कुणी उच्चारत नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला. त्याने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले, २४७ गावे कर्नाटकाच्या पदरात टाकली आणि २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि बेळगाव सोडून तो स्वीकारता येणारही नव्हता. पण महाजन अहवाल हाच अंतिम असे जे रोज सांगतात, त्यांना मला विचारायचे आहे की त्या २६४ गावांत निपाणी, खानापूर आणि नंदगडही होते, हे आपण कधी सांगता का?

‘आता मराठी आमदारच निवडून येत नाहीत, म्हणजे प्रश्न संपला,’ असा एक युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही, हे खरे आहे. समितीतल्या फुटीने आमचे जेवढे नुकसान केले तेवढे कर्नाटक सरकारलाही जमले नसते. हे मी समितीचाच मतदार म्हणून लिहितो. पण विधानसभेची निवडणूक रस्ता, पाणी, बियाणे, उमेदवाराची जात आणि पैसा यांवर होते. तुम्हाला कोणत्या राज्यात राहायचे आहे, हा प्रश्न त्या मतदानयंत्रावर नसतो. जेव्हा तो प्रश्न लोकांच्या प्रतिनिधींनी सरळ हाती घेतला, तेव्हा काय झाले? २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि महापालिका बरखास्त झाली. लोकेच्छा मोजायची नाही आणि कुणी मोजून दाखवली तर मोजणाऱ्यालाच घरी पाठवायचे, याला लोकशाही कसे म्हणायचे?

रोजचे जगणे कसे आहे तेही सांगतो. आमच्या घरी १९५६ आधीचे जमिनीचे उतारे आहेत, ते मराठीत. त्याच सर्व्हे नंबरचा आजचा उतारा कन्नडमध्ये. शाळेच्या दाखल्यावर माझे नाव मराठीत, उताऱ्यावर कन्नडमध्ये, आधार कार्डावर इंग्रजीत. तिन्हीकडे वडिलांचे नाव सारखे उतरलेले नाही, म्हणून पीककर्जाला मला ‘ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले. वडिलांनी त्या कन्नड प्रतिज्ञापत्रावर सही केली. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत, पोथी घडाघडा वाचतात. पण स्वतःच्या रानाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे देशाने मान्य केलेले धोरण आहे. आमच्या गावात तर मराठी घरे मोजण्यापेक्षा इतर मोजणे सोपे. तरी नोटीस येते ती फक्त कन्नडमध्ये. २०२४ च्या दुरुस्तीने फलकावरची ६० टक्के जागा कन्नडला दिली. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला कुणाचा कायदा आडवा येतो?

कन्नडशी माझे भांडण नाही. बाजारात मी कन्नड बोलतो, सोयरीकही आहे. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, तिथे आम्हीही हात जोडतो. सक्ती मात्र सहन होत नाही. १९८६ मध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात गेलेले नऊ जीव हिंडलग्याच्या स्मारकापाशी दरवर्षी १ जूनला आठवले जातात, ते यासाठीच.

आणि जो न्याय आम्हाला हवा तोच महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकांनाही लागला पाहिजे. २०२२ मध्ये पाण्यासाठी जतच्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेकांना राग आला. मला आला नाही. तिथल्या कन्नड शाळा नीट चालाव्यात, तिथल्या शिवारात पाणी यावे, आणि एवढे करूनही एखाद्या गावाला जायचेच असेल तर त्यालाही विचारावे. लोकेच्छा आपल्या सोयीची असेल तेवढीच मोजायची असे म्हटले, तर बेळगावसाठी तोंड उघडायचा हक्क आपल्याला उरत नाही.

महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या मुलांना प्रवेशात जागा ठेवल्या, २०२३ मध्ये ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. त्याबद्दल मनापासून आभार. पण डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या समन्वयक मंत्र्यांचा बेळगाव दौरा आधी जाहीर झाला, मग पुढे गेला आणि शेवटी रद्द झाला, हे आम्ही विसरलेलो नाही. मंत्र्यांना बेळगावात येऊ देत नसतील तर शिनोळीला या. चंदगड तालुक्यातले गाव आहे, महाराष्ट्राच्याच हद्दीत. आम्ही तिथे चालत येऊ.

दोन राज्यांची पुढची बैठक होईल तेव्हा ८६५ गावांतून आलेली माणसे त्या टेबलावर असावीत, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. आणि नागपूरचे अधिवेशन सुरू होण्याआधी आपल्या प्रतिनिधीने समन्वयक मंत्र्यांना विचारावे की दाव्याची सुनावणी पुढे सरकावी म्हणून वर्षभरात काय केले, आणि या ८६५ पैकी कोणकोणत्या गावांतल्या लोकांशी ते स्वतः बोलले. मिळेल ते उत्तर जसेच्या तसे छापावे.

आपला,
एक सीमावासी वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव