वाटाणे, हरभरे आणि १९०१ चं मिशिगन

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच हवापाण्यावर घसरता. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

अ‍ॅन आर्बरमधला आमचा तो पहिला सप्टेंबर. गाव मिशिगन विद्यापीठाचं आणि वेड अमेरिकन फुटबॉलचं. शनिवारी सकाळपासून गल्लीत गाड्यांची रांग, लोकांनी आपापल्या हिरवळीवर पैसे घेऊन पार्किंग मांडलेलं आणि पिवळ्या-निळ्या कपड्यांतलं अख्खं गाव स्टेडियमकडे निघालेलं. आमचे चिरंजीव मात्र शाळेतून रोज हिरमुसून यायचे. डब्याच्या सुट्टीत पोरं फुटबॉलवर बोलायची आणि याला चेंडू कुणाकडे आहे तेसुद्धा कळायचं नाही. मला तरी कुठे कळत होतं!

तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलात आणि अकरा वाटाणे, अकरा हरभरे मागितलेत. म्हणालात, "आजचा खेळ राहू दे. आधी १९०१ चा शिका." तेव्हा हातातला चेंडू पुढे फेकायची मुभाच नव्हती, ती १९०६ मध्ये मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे गुण पाच. मी "म्हणजे कबड्डीच की" म्हटलं तर तुम्ही चिडलात. "कबड्डी कसली? उलटी रस्सीखेच. ओढायचं नाही, ढकलायचं!" आणि वाटाण्यांनी हरभरे टेबलाखाली ढकललेत. दोन तर पुढे दिवाळीच्या साफसफाईत सापडले.

मग फील्डिंग योस्ट आला. आदल्या वर्षी तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कोच होता. कोच आपल्याच माजी विद्यार्थ्यांतला हवा असा नियम तिथे झाला आणि गडी मिशिगनला आला. त्याच्यामागोमाग कॅलिफोर्नियातून विली हेस्टन हा खेळाडूही. त्या मोसमातले अकराच्या अकरा निकाल चिरंजीवांनी कागदावर लिहून फ्रिजला लावले: ५०, ५७, ३३, २९, १२८, २२, २१, २२, ८९, ५०, ४९. बेरीज ५५०. समोरच्या अकरा संघांची मिळून शून्य! पुढे 'मिनिटाला एक गुण' असं त्या संघाचं टोपणनाव पडलं. बेरीज पोराने तीनदा तपासली. गणिताच्या गृहपाठाला एवढी निष्ठा मी कधी पाहिली नव्हती.

माझं मन मात्र बफेलोच्या संघाविरुद्धच्या त्या १२८ वर अडकलं. बफेलोची पोरं घरी जाऊन काय म्हणाली असतील? तुम्ही हसलात, पण विषय टाळला नाहीत. या ढकलाढकलीत पुढे १९०५ च्या मोसमात डझनाहून जास्त मुलं जिवानिशी गेली आणि त्यातूनच नियम बदलले, हे तुम्हीच सांगितलंत. आणि याच योस्टच्या कारकिर्दीत, तो क्रीडा विभागाचा प्रमुख असताना, १९३४ मध्ये समोरच्या जॉर्जिया टेक संघाच्या हट्टापायी मिशिगनच्या विलिस वॉर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूला बाहेर बसवलं गेलं, हेही. लाडक्या संघाबद्दल इतकं सरळ बोलणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

शेवटचा सामना तुम्ही दोन संध्याकाळी पुरवलात. बर्फातून रेल्वेने निघालेली पोरं कॅलिफोर्नियाच्या उन्हात उतरली. १ जानेवारी १९०२, पॅसाडेना, समोर योस्टचं जुनं स्टॅनफर्ड. मिशिगनचे अकराच खेळाडू, बदली एकही नाही. त्यातल्या नील स्नोचे एकट्याचे पाच टचडाउन. ४९-० झाल्यावर आठ मिनिटं बाकी असतानाच स्टॅनफर्डच्या कप्तानाने खेळ थांबवायची विनंती केली. संयोजकांनी नंतर १९१६ पर्यंत तिथे फुटबॉलचं नावच घेतलं नाही, रथांच्या शर्यतीसुद्धा लावल्या! इथे चिरंजीव खुर्चीवरून पडायच्या बेतात होते.

सोमवारी त्याने डब्याच्या सुट्टीत हे सगळं सांगितलं. १९०१ बद्दल त्या पोरांनाही काही ठाऊक नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यातली तिघं आमच्याकडे सामना बघायला आली, पोह्यांवर तुटून पडली, आणि चेंडू कुणाकडे आहे ते मला समजावत बसली. मी समजत नसल्याचं सोंग केलं.

काका, परक्या गावात आमच्या पोराला मित्र तुमच्या त्या मूठभर वाटाण्यांनी मिळवून दिले. त्याबद्दल मनापासून आभार.

आता तुम्ही लेकीकडे पॅसाडेनाला गेलात. तो सामना झाला ते मैदान, टूर्नामेंट पार्क, आज तिथल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात आहे म्हणतात. पाय बरे असतील तेव्हा एक चक्कर मारा आणि फोटो पाठवा. फ्रिजवरच्या कागदाशेजारी जागा ठेवली आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सूनबाई