ऑपरेशनला पैसे जमतात, पुढच्या १० वर्षांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून जखमी भटक्या कुत्र्याची बातमी येते. गाडीखाली आलेला, कंबर मोडलेली, कुणीतरी उचलून दवाखान्यात नेलं, मदतीचं आवाहन आणि खाली क्यूआर कोड. अशा बातम्या छापता त्याबद्दल मनापासून आभार, कारण त्यातून पैसे येतात आणि कुत्रा वाचतो हे मी जवळून बघितलंय. जखमी कुत्र्यांना आयुष्यभर सांभाळणाऱ्या एका निवाऱ्यात मी मदतीला जाते, तिथली हिशोबाची वही पण माझ्याकडेच असते, म्हणून हे पत्र लिहितेय. त्या बातमीत कुत्र्याचे पहिले पंधरा दिवस असतात. त्यानंतरची वर्षं नसतात आणि खरा खर्च तर तिथेच आहे.

गाडीखाली येणारे कुत्रे बरेचदा अगदी तरुण असतात, वर्ष-दीड वर्षाचे. नीट सांभाळलं तर कुत्रा १२-१३ वर्षं जगू शकतो. म्हणजे ऑपरेशन एकदाच होतं, आणि त्यानंतर १० वर्षं रोज कुणीतरी त्याचं सगळं करावं लागतं.

सगळं म्हणजे काय ते सांगते, कारण पैसे देणाऱ्यांना बरेचदा माहीतच नसतं. कण्याला मार लागून मागचे पाय गेले की बहुतेकदा लघवीवरचा ताबा पण जातो. मूत्राशय भरतं पण त्याला कळत नाही, मग दिवसातून ३-४ वेळा माणसानेच ते रिकामं करायचं. कुत्र्याला आधार देऊन उभं धरायचं, मागच्या पायांच्या जरा पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळवे ठेवायचे, आत पाण्याच्या फुग्यासारखं हाताला लागतं, ते हळूहळू दाबत राहायचं, धार बारीक होऊन नुसते थेंब येईपर्यंत. जोर लावला तर इजा होते, अर्धवट सोडलं तर उरलेल्या लघवीत इन्फेक्शन होतं आणि ते वर किडनीपर्यंत जातं. आमच्याकडे हे काम करणाऱ्या मावशी आहेत त्यांना लघवीचा वास बदलला की लगेच कळतं, लॅबचा रिपोर्ट नंतर येतो. रविवार असो, सुट्टी असो, मूत्राशय भरतंच.

मग कूस बदलणं आलं. एकाच अंगावर पडून राहिला की कमरेच्या हाडावर, कोपरावर कातडी लाल होते, मग फाटते, मग ती जखम भरायला महिने जातात. फरशीवरून सरपटला की पंजे सोलवटतात. जरा ओल राहिली की माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात, पावसाळ्यात तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. चाकाची गाडी लावलेल्या कुत्र्याचा फोटो सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, ती गाडी लावल्यावर तो जसा धावत सुटतो ते बघून डोळ्यात पाणी येतं. पण त्या गाडीत त्याला आडवं होता येत नाही, पट्टे घासतात, म्हणून थोडा वेळ फिरवून परत काढावीच लागते आणि ती घालायला-काढायला माणूस लागतो.

म्हणजे फिरून फिरून गोष्ट माणसांवर येते. आमच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा औषधांचा नाही, खाण्याचा पण नाही, तो पगारांचा आहे, त्याखालोखाल जागा. आणि नेमकं ह्या दोन गोष्टींसाठीच पैसे मिळणं सगळ्यात अवघड. लोक विचारतात माझे पैसे थेट कुत्र्यालाच जातील ना, पगारात तर नाही ना जाणार? भावना चांगलीच असते त्यांची, पण अर्धांगवायू झालेल्या कुत्र्यापर्यंत मदत पोचते ती मावशींच्या हातांनीच. गोदामात ब्लँकेटं पडून आहेत आणि रात्रपाळीला माणूस नाही अशी वेळ आमच्यावर आलीय. त्यामुळे माझी विनंती आहे की देणगी देताना "पगारासाठी वापरले तरी चालतील" एवढं नुसतं सांगून ठेवा, फार मोठी मदत होते.

आता एक गोष्ट निवारे चालवणाऱ्यांना उद्देशून, आणि ती मी त्यांच्यातलीच एक म्हणून लिहितेय. प्रत्येक जखमी कुत्र्याला कायमची जागा लागत नाही. कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय काढला तरी बहुतेक कुत्री छान पळतात. एक डोळा गेलेला पण व्यवस्थित राहतो. अशांना बरं झाल्यावर, नसबंदी आणि रेबीजची लस करून, घर मिळालं तर घरी नाहीतर त्यांच्या ओळखीच्या जागी पाठवता येतं. कायमची जागा लागते ती कणा मोडलेल्यांना, दोन्ही डोळे गेलेल्यांना, डिस्टेंपर ह्या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारानंतर मेंदूवर परिणाम राहिलेल्यांना. कुणाचं दुखणं थांबवताच येत नसेल आणि डॉक्टर सांगत असतील की आता त्याला शांतपणे जाऊ द्या, तर तेही ऐकायला हवं, केवळ देणग्या येतायत म्हणून ओढत नेणं मला तरी क्रूर वाटतं.

कण्याच्या केसमध्ये बराच अंदाज सुरुवातीलाच येतो. डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्याने घट्ट दाबून बघतात. कुत्र्याने मागे वळून पाहिलं, ओरडला, तर आशा आहे, उपचार आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो उभा राहू शकतो. पाय नुसता आखडला तर त्यावरून काही ठरत नाही, ती मज्जारज्जूची आपोआप होणारी हालचाल असते. कुत्र्याला काहीच जाणवलं नाही तर पायांत ताकद परत येण्याची शक्यता फार कमी. मग आवाहन लिहितानाच खरं लिहा ना, की हा बहुधा चालणार नाही, ह्याला आयुष्यभर सांभाळायचंय, महिन्याला एवढे लागतील. तसं न लिहिता सगळीकडे "ऑपरेशनसाठी मदत करा" एवढंच लिहिलं जातं, रक्तबंबाळ फोटो टाकला जातो, आठवड्यात पैसे जमतात आणि तीन महिन्यांनी त्याच कुत्र्याच्या डायपरला पैसे नसतात. जखम भरलेल्या, केस परत आलेल्या कुत्र्याचा फोटो टाकला तर कुणी थांबून बघत पण नाही.

माझं मत असं की एका कुत्र्यामागे एक मोठा दाता शोधण्यापेक्षा दहा जण शोधावेत, दर महिन्याला थोडे थोडे देणारे. एकाची नोकरी गेली, एकाचं लक्ष उडालं तरी कुत्रा उपाशी राहत नाही. शिवाय निदान सहा महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला हवा, त्याला हात लावायचा नाही. नुसत्या व्याजावर निवारा चालवायची कल्पना छान आहे, पण व्याज ५ टक्के धरलं तर वर्षाच्या खर्चाच्या २० पट रक्कम ठेवावी लागते आणि महागाई त्यात धरलेली पण नाही. ते जमेल तेव्हा जमेल, तोपर्यंत महिन्याच्या देणग्यांवरच चालणार. आणि महिन्याच्या देणग्या जेवढ्यांना पुरतात तेवढीच कुत्री कायमची घ्यायची. नाही म्हणताना जीव तुटतो, फोनवर समोरचा माणूस रडत असतो, पण क्षमतेपेक्षा जास्त घेतली की आधीच्यांची कूस बदलायची राहते.

देणाऱ्यांनी पण प्रश्न विचारावेत, आम्हाला राग येणार नाही. पैसे संस्थेच्या खात्यात जातायत की कुणाच्या वैयक्तिक? बिलं दाखवता का? दरवर्षी ऑडिट होतं का? ठरल्यापेक्षा जास्त जमले तर उरलेले कशाला वापरणार? आणि कुत्रा गेला तर कळवणार ना? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण गेलेल्या कुत्र्याच्या फोटोवर पैसे गोळा होताना मी पाहिलंय आणि त्यानंतर त्या दात्यांनी सगळ्याच निवाऱ्यांकडे पाठ फिरवली. आम्ही कुत्रा गेला की त्याच दिवशी मेसेज करतो. काही जण थांबतात, पण बरेचसे म्हणतात, दुसऱ्या कुणाला लावा माझे पैसे.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. ४ ऑक्टोबरला जागतिक प्राणी दिन असतो, त्या दिवशी तुम्ही प्राण्यांवर काही ना काही छापताच. यंदा त्या पानावर नवीन आवाहन नको. मागच्या वर्षभरात ज्या कुत्र्यांसाठी तुमच्या वाचकांनी पैसे दिले ते आज कुठे आहेत, त्यांना कोण सांभाळतंय, महिन्याला किती लागतात आणि किती कमी पडतात, हे वार्ताहर पाठवून बघा आणि छापा. जी गेली असतील त्यांचं पण छापा. जागा कमी असेल तर माझं पत्र हवं तसं कापा, पण ही विनंती तेवढी राहू द्या.

आपली,
एक नियमित वाचक