डिझेल पिकअपला ट्रेलर लावताय? मग डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका

मा. संपादक,
स. न.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत सुट्टीला कॅम्पर ट्रेलर ओढत फिरणाऱ्या मराठी कुटुंबांबद्दल लेख आला होता. छानच होता, फोटोपण मस्त, पण त्यात ट्रकबद्दल एकच वाक्य होतं, की डिझेल घ्या, ताकद भरपूर असते. ताकद असते हे खरंच, पण ती वापरताना इंजिन आणि गिअरबॉक्स आतून किती तापलेत हे कळायची सोय जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर जवळजवळ नसते आणि इकडे आपली बरीच मंडळी सेकंडहँडच घेतात कारण नवीन डिझेलची किंमत ऐकूनच घाम फुटतो. मी डेन्व्हरला राहतो, माझा ट्रकही जुनाच आहे आणि ट्रेलर ओढणं हा आमच्या घरातला आवडीचा विषय आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे कंपनीचा टेम्परेचरचा काटा. बऱ्याच गाड्यांमध्ये तो असा सेट केलेला असतो की टेम्परेचर बरंच वरखाली झालं तरी काटा आपला मध्यावरच. तो मध्यावरून हलतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून वेगळे गेज, म्हणजे मोजमापाचे काटे, बसवायचे, ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या काचेलगतच्या खांबावर त्यासाठी तयार पॉड (कप्पा) मिळतो, त्यात ५२ मिलिमीटरचे दोन-तीन गेज आरामात बसतात.

कुठले बसवायचे? माझं स्पष्ट मत, ऑटोमॅटिक गाडी असेल तर सगळ्यात आधी ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्सच्या, ऑइलच्या टेम्परेचरचा. सगळे आधी बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबतोय ते दाखवणारा, घेतात कारण त्याचा काटा नाचतो, बघायला मजा येते, पण गिअरबॉक्स मरतो तो उष्णतेने. पॅनमधलं, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ट्रेमधलं, ऑइल साधारण १७५ ते २०० डिग्री फॅरनहाइटला असेल तर बिनधास्त चालवा, २२० च्या वर जायला लागलं की काहीतरी करा, २५० दिसलं तर सुरक्षित जागा बघून थांबा, गिअर न्यूट्रलला टाका आणि इंजिन चालू ठेवून ऑइल थंड होऊ द्या. चढावर हळू चालताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही आणि तिथेच सगळी उष्णता तयार होते, म्हणून टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीचा गिअरबॉक्सचा मोड) लावायचा आणि खालच्या गिअरमध्ये चढायचं.

पण आकडा वाचण्याआधी सेन्सर कुठे लावलाय ते माहीत हवं, आणि घोडं इथेच पेंड खातं. ताप काखेत मोजला आणि जिभेखाली मोजला तर फरक येतो ना, तसंच आहे हे. पॅनमधला सेन्सर शांत असतो, हळूहळू चढतो. तोच सेन्सर कूलरकडे जाणाऱ्या गरम पाइपवर लावला तर चढ लागल्या लागल्या आकडा झपकन उडी मारतो आणि माणूस उगाच घाबरतो. दोघे मित्र एकाच घाटात आपापले आकडे सांगून वाद घालत बसतात आणि दोघांचेही बरोबर असतात!

एक्झॉस्ट गॅसच्या टेम्परेचरचं, म्हणजे पायरोमीटरचंही तेच. त्याचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांमध्ये) बसवायला हवा. मॅनिफोल्डला भोक पाडायची भीती वाटते म्हणून लोक टर्बोनंतरच्या पाइपमध्ये बसवतात, पण तिथे लोडवर दोन-तीनशे डिग्री कमी दिसतं आणि हा फरकसुद्धा कायम सारखा नसतो, मग त्या आकड्याचा उपयोग काय? टर्बोच्या आधी १२५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६७७ सेल्सिअस, ही सलग चालवायची वरची मर्यादा बहुतेक जण मानतात कारण पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे असतात. दोन सेकंद वर गेलं तर आकाश कोसळत नाही, दहा मिनिटं तिथेच राहिलं तर मात्र महागात पडतं. आणि त्या प्रोबची वायर साध्या तांब्याच्या वायरने जोडून वाढवू नका, रीडिंग चुकतं.

बूस्टचा गेज मी मुद्दाम शेवटी सांगतोय कारण तो एकटा फार काही बोलत नाही, पायरोमीटरच्या जोडीने बोलतो. आय-७० हायवेवरून आयझेनहॉवर टनेलकडे चढताना, तिथली उंची ११ हजार फुटांच्या वर, हवा विरळ, त्यामुळे एक्झॉस्ट एरवीपेक्षा गरम राहतो हे मला माहीत होतं, पण एकदा बूस्ट रोजच्यापेक्षा बराच कमी आणि पायरोमीटर मात्र चढतोय असं दिसलं. कडेला जागा बघून थांबलो, बॉनेट उघडलं, तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी बूटचा क्लॅम्प सैल आणि त्याच्याभोवती तेलाचा काळपट ओघळ. हवा तिथून निसटत होती, डिझेल तेवढंच जात होतं. क्लॅम्प आवळला आणि दोन्ही काटे जागेवर आले. डॅशबोर्डवर तोवर एकही दिवा लागला नव्हता.

बाकी इंजिन कुठलं त्यावर आहे. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डॉज रॅम पिकअपच्या २४ व्हॉल्व्ह कमिन्स इंजिनला फ्युएल प्रेशरचा गेज हवाच हवा, कारण त्याचा व्हीपी-४४ इंजेक्शन पंप डिझेलवरच थंड राहतो आणि टाकीकडून डिझेल देणारा छोटा लिफ्ट पंप हळूहळू कमजोर होतो, गाडी चालत राहते आणि महागडा पंप मरतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर ५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) खाली प्रेशर जाऊ देऊ नका. फक्त डिझेलची नळी केबिनमध्ये आणणारा गेज नको, इलेक्ट्रिक घ्या.

गेज निवडताना रेंज बघा. स्टॉक, म्हणजे काही बदल न केलेल्या, इंजिनला ० ते ६० पीएसआयचा बूस्ट गेज घेतला तर काटा खालच्या अर्ध्यातच घुटमळतो, ० ते ३५ चा घ्या, बारीक फरक दिसतो. ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचे डिजिटल मॉनिटरही चांगले, त्यात भोकं पाडायची भानगड नाही, पण गाडीत जो सेन्सर कंपनीने दिलेलाच नाही त्याचा आकडा ते आणणार कुठून? आणि दुकानदार सोबत ट्यून (इंजिनची ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर) खपवायला बघतो, तो ओढायच्या गाडीत नको, नुसता मॉनिटर मागा. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या नव्या गाड्यांत रिजनरेशनच्या, म्हणजे ती काजळी जाळायच्या, वेळी सपाट रस्त्यावरही एक्झॉस्ट तापतो, ते नॉर्मल आहे.

आणि २००३ ते २००७ मधला फोर्डचा ६.० लिटर पॉवरस्ट्रोक इंजिनचा ट्रक कुणी स्वस्तात देत असेल तर पैसे द्यायच्या आधी असा मॉनिटर लावून गाडी पूर्ण गरम होईपर्यंत हायवेला चालवा. एका स्पीडला सपाटीवर ऑइल आणि कूलंट यांच्या टेम्परेचरमध्ये १५ डिग्री फॅरनहाइटपेक्षा जास्त फरक दिसला तर ऑइल कूलर चोंदलाय, पुढे ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा) आणि हेड गॅस्केटचा (इंजिनच्या डोक्याखालच्या सीलचा) खर्च उभा आहे असं समजून भाव करा नाहीतर सरळ दुसरी गाडी बघा.

आपला,
एक वाचक, डेन्व्हर, कोलोरॅडो