आवाहन : फ्यूज उडालेल्या हॉलची गोष्ट आणि आमची झोळी

सप्रेम नमस्कार.

आम्ही म्हणजे माहितीपट करणाऱ्या आणि दाखवणाऱ्यांचं मुंबईतलं एक छोटं मंडळ. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या आमच्या एका सभासद मुलीने, घरं रिकामी होण्याआधी, दोन वर्षं तिथे शूटिंग केलं. चाळीस मिनिटांच्या तिच्या माहितीपटात निवेदन नाही, मुलाखती नाहीत. पाणी यायच्या आधी मोरीतला नळ सूं करून हवा सोडतो, पॅसेजमधून हंडा सरकतो, जिन्यावर चपला वाजतात, फिल्म एवढ्यावर चालते. एका दृश्यात आवारातलं निळं पिंप आहे. काठोकाठ भरलेलं, आणि त्यात खांबावरच्या वाढदिवसाच्या बॅनरचं प्रतिबिंब. कुणीतरी टमरेल बुडवतं, चेहरा हलतो, फुटतो, हळूहळू परत जुळतो.

झालं! ‘साहेबांना उलटं टांगलंय’ अशी बोंब उठली. प्रतिबिंब उलटंच दिसणार, हे सांगायचं कुणाला? फिल्मच्या खेळाच्या आदल्या संध्याकाळी हॉलवरून फोन आला, ‘फ्यूज उडालाय.’ दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये साखरपुडा झाला, डीजेसकट. फिल्मला सेन्सॉरचं सर्टिफिकेट होतं, बरं का.

लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्याकडे निदान सेन्सॉरचा लेखी कागद तरी होता. चार शहरांवरच्या त्यांच्या छोट्या माहितीपटातल्या मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांना कात्री सुचवली गेली, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली न्यायालयाने सेन्सॉरशिप वैध ठरवली, पण अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण हवं हा मुद्दाही त्याच खटल्यातून पुढे आला. पुढे ते झालं, आणि २०२१ मध्ये बंदही झालं. आता कुणाच्या फिल्मला कट सुचवले गेले तर थेट हायकोर्ट. आणि तोंडी बंदी आली तर? फोनविरुद्ध अपील कुठे करायचं, हे आमच्या वकील मित्रालाही सांगता आलं नाही.

गंमत म्हणजे असे प्रयोग मुंबईत एकेकाळी सरकारी खर्चाने होत. साठच्या दशकात पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, म्हणजे सरकारच्या माहितीपट विभागात, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री नोकरीत राहून चित्र आणि आवाजाशी हवे ते खेळ करत होते. २००४ मध्ये इथल्याच आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात सेन्सॉर सर्टिफिकेटच्या सक्तीवरून वाद पेटला, तेव्हा माहितीपटकारांनी ‘विकल्प’ नावाने स्वतःचा समांतर महोत्सव भरवला. आमचं मंडळ त्यांच्यापुढे चिमूटभर. पण शिकलो त्यांच्याकडूनच.

आम्ही ती फिल्म शेवटी एका गच्चीवर, डबल बेडच्या चादरीवर दाखवली. साठेक माणसं आली. वाऱ्याने चादर फुगली की अख्खी चाळ फुगायची. पिंपाचं दृश्य आलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘अगं, हे तर आमचंच पिंप!’

चादर पावसाळ्यात चालणार नाही. आम्हाला लालबाग-परळ भागात वर्षभरासाठी एक खोली भाड्याने घ्यायची आहे, जुना का होईना पण चांगला प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि सभासदांच्या फुटेजसाठी हार्ड डिस्क घ्यायच्या आहेत. वकिलाच्या फीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवू. सगळं मिळून साडेतीन लाख लागतील. शंभर रुपयेही चालतील. पडदा, खुर्च्या, पंखा, वापरात नसलेली खोली, काहीही चालेल. राजकीय पक्ष आणि बिल्डर यांच्याकडून काही घेणार नाही, कितीही प्रेमाने दिलं तरी.

देणगी कोणत्याही सभासदाकडे द्या, पावती तिथेच मिळेल. हिशेब दर महिन्याच्या खेळाआधी वाचून दाखवू. आणि ज्यांचं पिंप आहे, त्या आजींनी पहिले पाचशे दिले आहेत.